शेतकऱ्याच्या घरचा सुपरमॅन

रात्रीची जेवणे आटोपली की बहुतेक घरांत दोन तट पडतात. मोठ्यांना बातम्या नाहीतर मालिका हव्या असतात आणि मुलांना कार्टून. "काय ती चित्रे पाहत बसता!" असे म्हणून आपण खेकसतो. आपली पाठ फिरली की मुले पुन्हा तेच पाहू लागतात. ती नेमके काय पाहतात याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो, उगवणशक्ती किती टक्के आहे ते पाहतो, पावती जपून ठेवतो. मुलांच्या मनात रोज रात्री जे बी पडते त्याचे लेबल कोणी वाचायचे?

शेतकी खात्यात काम करणाऱ्या माणसाने कार्टूनवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण मी ज्या चित्रपटाबद्दल लिहिणार आहे त्याचा नायक एका शेतकऱ्याच्या घरी वाढलेला आहे. छातीवर इंग्रजी अक्षर, पाठीवर तांबडा पदर आणि अंगात शंभर बैलांचे बळ असलेला सुपरमॅन आपल्या सर्वांच्या मुलांना ठाऊक आहे. दप्तरावर, पेन्सिलीच्या डबीवर, जत्रेतल्या फुग्यावर तो असतोच. तो कोणाच्या अंगणात लहानाचा मोठा झाला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

चित्रपटाचे नाव आहे 'सुपरमॅन : मॅन ऑफ टुमॉरो', म्हणजे उद्याचा माणूस. तो २०२० साली अमेरिकेत निघाला. तो मोठ्या पडद्यासाठी केलेला नाही, घरी पाहण्यासाठीच केलेला आहे. ऑगस्ट महिन्यात तो संगणकावर आणि दूरचित्रवाणीवर पाहण्यासाठी मिळू लागला आणि सप्टेंबरात त्याच्या डीव्हीडी तबकड्या विक्रीस आल्या. दिग्दर्शक ख्रिस पामर आणि पटकथाकार टिम शेरिडन. लांबी ८६ मिनिटे, म्हणजे दीड तासाच्या आत आटोपशीर.

घरी पाहायचा सिनेमा ही गोष्ट आपल्या गावांना नवी नाही. एके काळी गणपतीत किंवा लग्नाच्या दुसऱ्या रात्री तालुक्याहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणीत. चौकात घोंगड्या टाकून गाव पहाटेपर्यंत ओळीने तीन तीन चित्रपट पाही. पुढे सीडी आल्या, डीव्हीडी आल्या आणि आता तर मुलाच्या हातातल्या मोबाइलमध्येच थिएटर आले आहे. फरक एवढाच की चौकात सगळे गाव मिळून पाहत होते आणि आज मूल कोपऱ्यात एकटे पाहते. त्यामुळे ते काय पाहते हे जाणून घेण्याची जबाबदारी वाढली आहे.

गोष्ट अशी आहे

क्रिप्टन नावाचा एक दूरचा ग्रह. तो नष्ट होण्याच्या बेतात असताना तिथल्या आईबापांनी आपले तान्हे मूल एका लहानशा यानात घालून पृथ्वीकडे पाठविले. यान येऊन पडले ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, स्मॉलव्हिल नावाच्या खेड्याच्या शिवारात. जोनाथन आणि मार्था केंट या शेतकरी जोडप्याने ते मूल घरी नेले, क्लार्क असे नाव ठेवले आणि पोटच्या पोरासारखे वाढविले.

चित्रपटाच्या आरंभी क्लार्क अगदी लहान आहे. तो मित्राच्या घरी रात्री मुक्कामाला गेला आहे. मुले मिळून एक भीतिदायक सिनेमा पाहत आहेत. परग्रहावरून आलेले जीव माणसांचा नाश करतात, असे त्यात दाखविले आहे. बाकीच्या मुलांना मजा वाटते, पण क्लार्कच्या पोटात गोळा येतो. कारण आपणही तिकडूनच आलो आहोत, हे त्याला ठाऊक आहे. तो आईवडिलांना बोलावून घेतो आणि घरी परत जातो. हा प्रसंग लहानसा आहे, पण सगळा चित्रपट त्याच्या पायावर उभा आहे. सगळे ज्याला वाईट म्हणतात तो मीच तर नव्हे, ही त्या मुलाच्या मनातली भीती आहे.

पुढे क्लार्क तरुण होतो आणि मेट्रोपोलिस या मोठ्या शहरात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत उमेदवारी करू लागतो. अंगात अचाट ताकद आहे, उडता येते, पण तो ते कोणाला कळू देत नाही. लेक्स ल्युथर नावाचा एक बडा उद्योगपती अवकाशात यान सोडण्याचा मोठा समारंभ करतो. त्यातला धोका त्याने लोकांपासून दडवून ठेवलेला असतो. लोइस लेन ही हुशार तरुणी तो उघडकीला आणते. यान शहरावर कोसळू लागते तेव्हा क्लार्कला राहवत नाही. तो धावून जातो, शहर वाचते आणि त्याचे गुपित अर्धे उघडे पडते.

त्यानंतर तीन पात्रे त्याच्या वाट्याला येतात. एक लोबो, पैसे घेऊन शिकार करणारा अवकाशातला भाडोत्री गुंड. क्रिप्टनचा शेवटचा जीव पकडण्यासाठी तो आलेला आहे. दुसरा मंगळावरचा माणूस. तोही आपल्या कुळातला एकटाच उरलेला आहे आणि हवे ते रूप घेऊन लोकांत लपून राहतो. क्लार्कला त्याच्या जन्माच्या गावाची ओळख हाच करून देतो. तिसरा रूडी जोन्स. हा एका प्रयोगशाळेत झाडलोट करणारा साधा, संसारी माणूस आहे. क्लार्कची आणि त्याची चांगली ओळख असते. लोबोच्या शस्त्राचा त्याच्या अंगावर भलताच परिणाम होतो आणि जे समोर येईल त्यातली शक्ती शोषून घेणारा एक भयंकर प्राणी त्याच्यातून तयार होतो.

चित्रपटाचा उत्तरार्ध या प्राण्याशी होणाऱ्या झुंजीत जातो. शेवट मी सांगत नाही, तो मुलांनी पाहावा. एवढेच सांगतो की निर्णायक क्षणी सुपरमॅन मुठी खाली घेतो आणि बोलतो. मी परका आहे, दुसऱ्या जगातून आलो आहे, पण कॅन्ससमध्ये वाढलो आहे, असे तो सगळ्या शहरादेखत कबूल करतो. लहानपणी ज्या भीतीने तो मित्राच्या घरून पळून आला, ती भीती तो त्या दिवशी टाकून देतो.

आईच्या हातचा पोशाख

या चित्रपटातली एक गोष्ट आमच्या भगिनींच्या चटकन लक्षात येईल. शहरात पहिल्यांदा लोकांच्या मदतीला धावताना क्लार्क जुन्या वैमानिकासारखी टोपी आणि डोळ्यांवर मोठा चष्मा घालतो. तोंड दिसू नये, हा हेतू. मार बसतो, मन खचते, तेव्हा तो कुठे जातो? गावाकडे, आईवडिलांकडे. तिथे त्याला तो जगप्रसिद्ध निळा-तांबडा पोशाख आईकडून मिळतो. त्या पोशाखाला तोंड झाकणारे काही नाही. चेहरा उघडा आहे. लपून केलेली मदत आणि उघड्या तोंडाने केलेली मदत यांतला फरक त्या एका कपड्यात आला आहे.

आपल्याकडे ही कथा परकी वाटू नये. जन्म एका घरी आणि वाढ दुसऱ्या घरी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवकीचा मुलगा गोकुळात यशोदेच्या मांडीवर वाढला, गाई राखल्या, गवळ्यांच्या पोरांत मिसळला. गोकुळाने त्याला कधी परका म्हटले नाही. दुसरीकडे कर्ण. पेटीत घालून नदीत सोडलेले ते मूल अधिरथ आणि राधेने जिवापाड वाढविले. पालनात कसूर झाली नाही. पण भरल्या सभेत लोकांनी त्याला सूतपुत्र म्हणून हिणवले आणि खरे काय ते सांगणारी आई वेळ निघून जाईपर्यंत गप्प राहिली. दोघांनाही दुसऱ्याच्या घरी माया मिळाली, पण भोवतालच्या माणसांनी एकाला आपले म्हटले आणि दुसऱ्याला डागण्या दिल्या.

आपल्या गावांतही भावाचे मूल वाढविणारी, अनाथाश्रमातून मूल आणणारी घरे आहेत. पुष्कळदा ही गोष्ट मुलापासून लपविली जाते. मग बांधाच्या भांडणात किंवा पाण्याच्या पाळीवरून कोणीतरी ती मुलाच्या तोंडावर फेकतो. जी गोष्ट मायेने सांगायची ती शिवीसारखी कानावर पडते. केंट जोडप्याने तसे होऊ दिलेले नाही. मुलाला आपण कोण आहोत ते ठाऊक आहे आणि आपण कोणाचे आहोत तेही ठाऊक आहे. ज्या घरांत असे मूल आहे त्यांनी ते मूल समजत्या वयाचे होत असतानाच, शेजाऱ्याच्या आधी, स्वतःच्या तोंडाने त्याला सांगावे. झालाच तर अशा एखाद्या चित्रपटाचा आधार घ्यावा. पुढच्या वाक्याला सुरुवात करणे त्यामुळे सोपे जाते.

सुपरमॅनला शेत कसे मिळाले

सुपरमॅन या पात्राला शेतकरी आईबाप पहिल्यापासून नव्हते. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. जेरी सीगल हा लेखक आणि जो शुस्टर हा चित्रकार, असे दोन शाळूसोबती अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात होते. दोघेही बाहेरदेशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. त्यांनी रचलेला सुपरमॅन १९३८ साली 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात छापला गेला. त्या कथेत मूल सापडते आणि अनाथाश्रमात दिले जाते. शेत नाही, आई नाही.

१९३९ साली सुपरमॅनचे स्वतंत्र पुस्तक निघाले. त्यात केंट नावाचे वयस्कर जोडपे आले. त्यांना मूल सापडते, ते त्याला अनाथाश्रमात पोचवितात, पण मन राहवत नाही म्हणून परत जाऊन ते मूल मागून घेतात. १९४१ साली फ्लायशर यांच्या चित्रशाळेने सुपरमॅनवर पहिले चालते-बोलते कार्टून काढले, त्यात पुन्हा अनाथाश्रमच आहे. स्मॉलव्हिल हे गावाचे नाव १९४९ साली पडले. मध्यंतरीच्या काळात केंट यांनी शेत विकून किराणा दुकान घातले, असेही दाखविले गेले. १९७८ च्या मोठ्या चित्रपटाने कॅन्ससची गव्हाची शेते साऱ्या जगाला दाखविली. त्यांचे चित्रण प्रत्यक्षात कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात झाले होते, ही गोष्ट वेगळी. पूर्वीच्या कथांत सुपरमॅन मोठा होईपर्यंत हे आईबाप वारलेले असत. १९८६ साली जॉन बर्न याने कथा नव्याने मांडताना त्यांना जिवंत ठेवले. या नव्या चित्रपटातही ते हयात आहेत आणि मुलगा अडचणीत घरी येऊ शकतो. जवळजवळ पन्नास वर्षांत लेखकांना हळूहळू उमगत गेले, की एवढ्या ताकदीच्या माणसाला जमिनीवर ठेवायचे तर त्याच्या मागे घर पाहिजे.

या इतिहासातली आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सीगल आणि शुस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरना प्रकाशकाला लिहून दिले. दोघेही तरुण होते, गरजू होते, कागदावर सही करून मोकळे झाले. त्यानंतर त्या पात्रावर कोट्यवधींचा व्यापार झाला आणि ते पात्र घडविणारे दोघे उतारवयात हलाखीत राहिले. मोठा गाजावाजा झाल्यावर १९७५ साली कंपनीने दोघांना दर वर्षी २० हजार डॉलर द्यायचे आणि त्यांचे नाव छापायचे कबूल केले. त्यांनी जे पेरले त्याची रास दुसऱ्याच्या खळ्यात पडली. बागेचा सौदा असो, ठेक्याचा करार असो की कर्जाचा कागद असो, घाईने आणि गरजेपोटी केलेली सही किती महाग पडते, हे सुपरमॅनच्या जन्मदात्यांनी भोगले आहे. मुलांना सुपरमॅनची गोष्ट सांगताना ही गोष्टही सांगावी.

कॅन्ससची माती आणि आपला गहू

आता थोडे माझ्या विषयाचे. कॅन्सस हे अमेरिकेतले गव्हाचे राज्य म्हणून ओळखले जाते. तिथला गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. थोडा उगवून आला की कडाक्याची थंडी पडते, पीक बर्फाखाली झोपते, वसंतात पुन्हा वाढू लागते आणि जूनमध्ये कापणीला येते. त्या थंडीशिवाय त्याला ओंबीच धरत नाही. आपण नोव्हेंबरात पेरून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतो तो गहू वेगळ्या जातीचा.

हा गहू कॅन्ससचा मूळचा नव्हे. १८७४ साली रशियाच्या दक्षिण भागातून मेनोनाइट पंथाचे शेतकरी आपले घरदार सोडून कॅन्ससमध्ये आले. येताना त्यांनी आपले गव्हाचे बियाणे बरोबर आणले. 'टर्की रेड' हे त्याचे नाव. परक्या देशातून आलेल्या माणसांनी आणलेले हे परके बी कॅन्ससच्या मातीला मानवले आणि पुढे तिथला गहू म्हणजे हाच, असे समीकरण होऊन बसले. परग्रहावरचे मूल ज्या शिवारात पडले असे लेखकांनी कल्पिले, त्या शिवारातले पीकही बाहेरूनच आलेले होते.

हा धागा तिथेच संपत नाही. टर्की रेडचा संकर जपानमध्ये तिथल्या बुटक्या गव्हाच्या वाणाशी झाला आणि १९३५ साली 'नोरिन १०' ही जात तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नोरिन १० चे दाणे अमेरिकेत गेले आणि तिथून मेक्सिकोत डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती पडले. त्यांच्या बुटक्या गव्हाच्या वंशातूनच आपल्याकडे १९६७ साली कल्याणसोना आणि सोनालिका हे वाण आले. आमच्या पिढीतल्या शेतकऱ्यांना ही नावे घरच्या माणसांसारखी पाठ आहेत. म्हणजे आपल्या घरात त्या काळी भाजलेल्या पोळीतही कॅन्ससमध्ये रुजलेल्या त्या परक्या बियाण्याचा अंश होता. बाहेरचे म्हणून हाकलले असते, तर आपली कोठारे भरली असती का?

सुपरमॅनचा जन्म झाला तो काळही शेतकऱ्याच्या हलाखीचा होता. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातल्या कोरडवाहू पट्ट्यात अवर्षण पडले. कॅन्ससचा नैर्ऋत्य भाग त्यात होता. गवताळ राने नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्याने उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी तर भर दुपारी अंधार करणारे धुळीचे वादळ आले. त्याच महिन्यात अमेरिकन सरकारने मृद्संधारणाचे स्वतंत्र खाते उभारले. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या माणसांची कळा सांगावी लागणार नाही. अशा दिवसांत लोकांना कोणीतरी तारणारा हवा असतो. सुरुवातीचा सुपरमॅन राक्षसांशी फारसा लढत नसे. एका कथेत तर तो मजुरांच्या जिवाची पर्वा न करणाऱ्या खाणमालकाला त्याच खाणीत नेऊन अद्दल घडवितो. नव्या चित्रपटात धोका दडविणारा ल्युथर आहे तो याच परंपरेतला.

टारफुला आणि रूडी जोन्स

शक्ती शोषणाऱ्या त्या प्राण्याला चित्रपटात पॅरासाइट म्हणतात. आपल्या भाषेत बांडगूळ. आंब्यावरचे बांडगूळ, लसूणघासावरची अमरवेल, ज्वारीतला टारफुला ही सगळी त्याचीच भावंडे. टारफुल्याचे फूल दिसायला नाजूक असते, पण त्याचे मूळ ज्वारीच्या मुळात घुसलेले असते. ज्वारी वाळत जाते आणि तो हिरवागार राहतो. सुपरमॅनची शक्ती सूर्याच्या प्रकाशातून येते, असे या कथेत मानले आहे. पिकाच्या पानाचेही तसेच आहे. त्यामुळे उन्हावर जगणारा एक आणि त्याला शोषणारा दुसरा, ही झुंज शेतकऱ्याला पाहताक्षणी कळते.

पण टारफुला जन्मतःच टारफुला असतो. रूडी तसा नाही. तो रोजंदारीवरचा माणूस आहे, घरी त्याची बायको-लेकरे आहेत. मोठ्यांच्या प्रयोगात आणि गुंडांच्या हाणामारीत तो सापडला आणि त्याचा राक्षस झाला. चित्रपट मुलांना शेवटपर्यंत विसरू देत नाही, की त्या अक्राळविक्राळ देहात एक बाप अडकलेला आहे. खलनायक मारला, टाळ्या वाजल्या, इतक्यावर ज्या गोष्टी संपतात त्यांच्यापेक्षा ही गोष्ट मला वरच्या दर्जाची वाटली. दारूच्या किंवा कर्जाच्या विळख्यात सापडून घरादाराला छळणारी माणसे मुले आपल्या आजूबाजूला पाहतच असतात. त्या माणसातला माणूस आधी कसा होता हे आठवून त्याला हाक मारता येते, एवढे जरी मुलाच्या ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.

उणिवाही आहेत

चित्रपट निर्दोष नाही. हाणामारी फार आहे. इमारती कोसळतात, रक्त दिसते, लोबोच्या तोंडी उर्मट भाषा आहे. अमेरिकेतही तेरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी विशेष काळजी घ्यावी, असा शिक्का या चित्रपटावर आहे. म्हणून अगदी लहान मुलांना तो दाखवू नये आणि त्याहून मोठ्यांना दाखविताना घरातले कोणीतरी शेजारी बसावे.

लोबोचे पात्र लांबते. तो थट्टा करीत राहतो आणि मूळ कथेचा वेळ खातो. क्लार्क आणि रूडी यांच्या मैत्रीला आणखी पाच मिनिटे दिली असती, तर पुढचे सारे अधिक जिव्हारी लागले असते. ल्युथर शेवटी काय करणार, हे शेंबड्या पोरालाही आधी कळते. चित्रे मात्र आवडली. ठसठशीत काळ्या रेषांची, जुन्या चित्रपुस्तकांची आठवण करून देणारी ती धाटणी आहे. माणसांचे चेहरे साधे आहेत आणि डोळ्यांतले भाव स्पष्ट दिसतात.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. केंट यांचे शेत दिसते, घर दिसते, पण शेतीचे काम फारसे दिसत नाही. एवढ्या ताकदीचा पोरगा घरात असताना जोनाथनने त्याला वाढविले ते कामातूनच ना? दुधाची वेळ चुकवायची नसते, मुके जनावर उपाशी ठेवून आपण जेवायचे नसते, आपल्या पाटाचे पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात तोंड फोडून सोडायचे नसते, हे मुलगा शेतावर शिकतो. हातात बळ असून ते आवरायचे, हा धडा बैलाच्या नाकातली वेसण धरणाऱ्या पोराइतका कोणाला चांगला कळत नाही. सुपरमॅन नम्र का आहे, याचे उत्तर त्या गोठ्यात असणार. चित्रकारांनी तो गोठा दाखवायला हवा होता.

आणखी एक प्रश्न मनात राहतो. मुलगा शहरात गेला, नाव काढले, जगाचा तारणहार झाला. शेत कोण पाहते? म्हातारा आणि म्हातारी. चित्रपट हा प्रश्न विचारीत नाही, पण आपल्या किती तरी वाड्यांवर तो रोज उभा आहे. शिकलेल्या मुलाने गावात राहावेच असा माझा आग्रह नाही. जिथे त्याच्या गुणांचे चीज होईल तिथे त्याने जावे. क्लार्क मात्र संकटात असो की नसो, आईबापांशी धागा तोडत नाही. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांनी यातून एवढे तरी घ्यावे, की घरी येण्यासाठी दिवाळीची वाट पाहायची नसते.

मुलांशी काय बोलावे

मी पाहिली ती प्रत इंग्रजीत होती. पण गोष्ट आधी मराठीतून सांगून ठेवली, तर दहा-बारा वर्षांच्या पुढची मुले ती चित्रांवरून सहज समजून घेतात. पाहून झाल्यावर पाच-दहा मिनिटे त्यांच्याशी बोलावे.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. खांद्याला टॉवेल बांधून माळवदावरून किंवा विहिरीच्या कठड्यावरून उडी मारण्याचा मोह मुलांना होतो. हे कागदावर काढलेले चित्र आहे, ते पडत नाही, आपण पडतो, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. दूरदर्शनवर १९९७ पासून लागणाऱ्या 'शक्तिमान' मालिकेच्या शेवटी मुलांना चार हिताच्या गोष्टी सांगत असत, ती रीत चांगली होती. आता ते काम घरातल्या मोठ्या माणसाने करायचे आहे.

दुसरे, मुलांना विचारावे, की क्लार्क मित्राच्या घरून परत का आला? त्या मित्रांनी काय करायला हवे होते? हा प्रश्न मी मुद्दाम सुचवितो. दर वर्षी साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडची ऊसतोड कुटुंबे बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांच्या शिवारात पाले ठोकतात. त्यांची मुले चार-सहा महिने आपल्या गावात असतात. काही आपल्याच शाळेच्या दारात येऊन उभी राहतात. आपली मुले त्यांना काय म्हणून हाक मारतात, हे कधी कान देऊन ऐकले आहे का? त्या पालांतल्या एखाद्या पोरात केवढे सामर्थ्य दडले आहे हे आज कोणालाच ठाऊक नाही. त्याला उडता येणार नाही, पण उद्या ते चांगले डॉक्टर होईल, चांगला शेतकरी होईल, नाहीतर आपण कोणाला नकोसे आहोत ही गाठ मनात बांधून मोठे होईल. यातले काय होणार, ते थोडेफार आपल्या ओसरीवर ठरते.

केंट जोडप्याकडे कोणतीही दैवी शक्ती नव्हती. शिवारात परके मूल सापडले, त्यांनी ते उचलून घरात आणले, जेवायला घातले आणि आपले म्हटले. सुपरमॅनने पुढे जे काही केले ते त्यानंतरचे. एवढे काम कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी होऊ शकते आणि त्याला ना पाठीवर तांबडा पदर लागतो, ना अंगात शंभर बैलांचे बळ.